घुंगराच्या वरची कोरी जागा

मित्रांनो, माझ्या अंगावर पाच डाग आहेत. तापलेल्या लोखंडाचे. तुमच्या अंगावर असा एखादा डाग असता, तर तुम्ही बाही खाली ओढून तो झाकला असता. मी मात्र आयुष्यभर त्यांच्या जिवावर मिजास केली. मी एक काठी आहे. हिनोकीच्या लाकडाची, आठ कडांची, तुमच्या खांद्याला लागेल एवढी उंच. मुठीजवळ लाल दोरीत ओवलेलं पितळी घुंगरू आहे. माझा रंग आता काळवंडला आहे आणि कमरेत थोडा बाक आला आहे, पण नाक जवळ आणलंत तर लाकडाचा वास अजून येतो.

फुजी डोंगराच्या पायथ्याच्या रानात मी वाढले. एका सुताराने मला तासून गुळगुळीत केलं आणि देवळाच्या कमानीजवळ काठ्या विकणाऱ्या म्हातारीकडे दिलं. आम्ही चाळीसजणी एका पिंपात उभ्या असायचो. गिऱ्हाईक आलं की म्हातारी एक डोळा मिटून मला त्याच्यासमोर धरायची आणि म्हणायची, "ही बघा. सुतासारखी सरळ." हे ऐकून मी आणखीच ताठ व्हायचे. तेव्हा मला वाटायचं, सरळ असण्याहून मोठं काठीला काही नसतं.

आमच्याकडची रीत अशी. डोंगर चढणाऱ्याने काठी घ्यायची. वाटेत पाचव्यापासून वर टप्प्याटप्प्यावर दगडाच्या झोपड्या आहेत, तिथे चुलीत शिक्के तापत असतात. ज्या टप्प्यावर पोहोचलात त्याचा शिक्का काठीवर मारून घ्यायचा. चर्रकन आवाज होतो, धूर निघतो आणि जन्मभराचा डाग उमटतो. शिखरावरच्या देवळात मात्र भाजत नाहीत. तिथे पुजारी हातोडीने ठोकून लाल शिक्का उमटवतो. त्याच्यासाठी घुंगराच्या वरची बाजू प्रत्येकजण राखून ठेवतो. आणि माणूस गेला की त्याची काठी त्याच्याबरोबर शवपेटीत ठेवतात. पलीकडची वाटही चढाची निघाली तर काय घ्या!

मला विकत घेतलं तामोत्सु नावाच्या तरुणाने. त्याचं गावात तोफूचं दुकान होतं आणि नुकतंच लग्न झालं होतं. गावचं डोंगर-मंडळ दर जुलैला पांढरे कपडे घालून शिखरावर जायचं. तामोत्सुला कधी जमायचं नाही, कारण गार पाण्यातला तोफू खपतो तो उन्हाळ्यातच. त्या वर्षी ऑगस्ट संपत आला तेव्हा त्याने दोन दिवस दुकान बंद ठेवलं आणि बायकोला, कीनुएला, घेऊन निघाला. समोरच्या शेवयांच्या खानावळीतला त्याचा मित्र कानेकिची दारातच उभा होता.

"बायकोला घेऊन निघालास?" तो ओरडला. "म्हातारे काय म्हणतात ठाऊक आहे ना? बाई दिसली की डोंगर तोंड फिरवतो."

"गेल्या महिन्यात तुझं तोंड बघून नाही फिरवलं," तामोत्सु म्हणाला, "तर हिचं बघून कशाला फिरवेल?"

कानेकिची हसला, कीनुएही हसली. पण गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या दोन म्हाताऱ्या हसल्या नाहीत. कीनुएने ते पाहिलं. तिने मला हातात घेतलं होतं, म्हणून तिची बोटं आवळलेली मला कळली.

आम्ही देवळापासून चालत निघालो. पाचव्या टप्प्यावर मला पहिला शिक्का बसला. भाजतं का, म्हणून विचाराल तर हो, चांगलंच भाजतं. पण दोघं वाकून माझ्यावर फुंकर घालत होती, त्यात सगळं विसरायला झालं. सहावा झाला, सातवा झाला. आठव्या टप्प्यावरच्या झोपडीत गेन्झो नावाचा तरुण मालक होता. शिक्का मारताना बाहेर वाऱ्याने दार आपटलं, त्याचा हात हलला आणि माझा आठवा शिक्का तिरका बसला. "माफ करा हं," गेन्झो म्हणाला. "त्यावरून तुम्हाला रात्र लक्षात राहील."

सूर्योदय शिखरावर बघायचा असतो, म्हणून सगळे मध्यरात्रीच झोपडीतून निघतात. आम्ही निघालो तेव्हा चांदण्या होत्या. तासाभरात एकही उरली नाही. पाऊस वरून यायचं सोडून आडवा यायला लागला. कीनुएला आधीपासून मळमळत होतं. आता तिला दोनदा उलटी झाली आणि एका मोठ्या तांबड्या दगडाशी ती खालीच बसली.

"तुम्ही पुढे जा," ती म्हणाली. "मी ह्या दगडाच्या आडोशाला थांबते. शिक्का घेऊन या."

ढग क्षणभर फाटला आणि वर, अगदी हाकेच्या अंतरावर वाटावा असा, देवळाचा दिवा दिसला. तामोत्सुने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मग तो बायकोकडे पाठ करून गुडघ्यावर बसला आणि मला पाठीमागे आडवी धरली, दोन हातांत दोन टोकं.

"बस हिच्यावर. गळ्याला घट्ट धर."

"अहो, काठी मोडेल."

"मोडू दे."

मित्रांनो, मला फार राग आला. लाल शिक्का अर्ध्या तासावर असताना हा माणूस मला पाट करून बायकोला बसवतो! तिचं वजन पडलं तशी मी कुरकुरले. एका मोठ्या उडीला माझ्या कमरेत काहीतरी कायमचं वाकलं. वाट दिसतच नव्हती. खालून कुठूनतरी पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज येत होता, ठण ठण ठण, आणि तामोत्सु त्या आवाजाच्या दिशेने पाय टाकत होता. तो डबा गेन्झो बडवत होता. आम्ही झोपडीत पोहोचलो तेव्हा तामोत्सुचे तळवे सोलून निघाले होते.

घरी परत येताना गावाच्या वेशीवर कीनुए थांबली. "माझ्यामुळे मागे फिरलात हे कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "माझी शपथ आहे."

तामोत्सु मान हलवून हो म्हणाला. त्याने मला दुकानात शिक्क्यांची बाजू पुढे आणि घुंगराच्या वरची कोरी बाजू भिंतीकडे करून उभी केली. वर गेलो होतो असं तो कधी कुणाला म्हणाला नाही. लोकांनी शिक्के बघितले, बाकीचं आपल्या मनाने धरून चालले. पुढच्या वसंतात दुकानात पाळणा हलला, आणि मग काठीकडे बघायला कुणाला वेळ होता?

पुढची वर्षं मी भिंतीला पाठ लावून काढली. पहाटे तीनला दिवा लागायचा. भिजलेलं सोयाबीन जात्यात जायचं, मोठ्या कढईत दूध उकळायचं, सगळ्या दुकानात वाफ भरायची. मग तामोत्सु सायकलवर डबे बांधून पितळी भोंगा वाजवत गावभर फिरायचा. कधीकधी तोफू लागायचाच नाही. ढगाळ, कोंदट हवेत तसं होतं. लेक चिझुरु मोठी झाल्यावर ती अशा वेळी रडकुंडीला यायची, अजून थोडं मीठपाणी घालून बघूया म्हणायची. तामोत्सु कढईत एकदा पळी फिरवून बघायचा आणि शांतपणे म्हणायचा, "आज नाही जमत. ओतून दे. रात्री पुन्हा भिजवू."

दर वर्षी तो म्हणायचा की पुढच्या उन्हाळ्यात जाऊ. पण हिवाळ्यात डोंगर बंद आणि उन्हाळ्यात दुकान उघडं. कानेकिची मात्र दर वर्षी वर जायचा आणि लाल शिक्का मारलेली काठी मुद्दाम आमच्या दारावरून ठकठक करत न्यायचा. मी जळून खाक व्हायचे. माझं कौतुक कुणी केलं असेल तर एकट्या कीनुएने. ती रोज सकाळी मला पुसायची आणि माझ्या बाकावर फडकं जरा जास्त वेळ थांबायचं. सहा वर्षांपूर्वी ती गेली. नंतर माझ्या घुंगरात कोळ्याने घर केलं, सोयाबीनची रिकामी पोती माझ्यावर टेकून ठेवायला लागले. मी वाट बघणंही सोडून दिलं होतं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तामोत्सुने अंथरूण धरलं. त्याच्या डोळ्यांवर पडदा आला होता, जेवण भाताच्या पेजेवर आलं होतं. डॉक्टरांनी चिझुरुला बाहेर बोलावून सांगितलं की नवा तांदूळ येईपर्यंत दिवस काढले तरी पुष्कळ. दुकान, घर, बाप, सगळं तीच बघत होती. ती सेहेचाळीस वर्षांची आहे, बोलते कमी आणि करते जास्त.

कानेकिची रोज दुपारी येऊन बसायचा. तो आता मंडळाचा प्रमुख झाला होता, म्हणजे मंडळात उरलेल्या सहा म्हाताऱ्यांचा.

"तामो, तुझी काठी पुसून ठेवायला सांग पोरीला," तो एक दिवस म्हणाला. "वेळ आली की सगळ्या मंडळासमोर मी माझ्या हाताने तुझ्याबरोबर ठेवणार आहे. लाल शिक्का वर करून."

"कानेकाका, काय बोलताय!" चिझुरु म्हणाली.

"अगं, सत्तरी उलटल्यावर आम्ही दुसरं काय बोलणार? तोफूच्या भावाबद्दल?"

तामोत्सु कूस बदलून भिंतीकडे वळला.

त्या संध्याकाळी चिझुरुने पोती बाजूला केली आणि मला उजेडात घेतलं. ओल्या फडक्याने पुसता पुसता तिने मला फिरवलं आणि तिचा हात थांबला. घुंगराच्या वर नुसतं लाकूड होतं. ती मला घेऊन अंथरुणापाशी गेली.

"बाबा, वरचा शिक्का?"

तो एवढंच म्हणाला, "होती तशी भिंतीकडे ठेव."

मित्रांनो, मला तोंड असतं तर त्याच क्षणी सगळं सांगून टाकलं असतं. तिला वाटलं, बाप जन्मभर लाजत आला. तिला वाटलं, मंडळासमोर ती कोरी बाजू उघडी पडेल आणि जाता जाता बापाचं हसं होईल. तिने मला भिंतीशी ठेवलं नाही. स्वयंपाकघरात नेऊन तिने भात शिजवायला घेतला आणि आंबट लोणचं घालून भाताचे गोळे वळले. ऑगस्टचे शेवटचे दिवस होते. चार दिवसांत शिखरावरचं देऊळ वर्षासाठी बंद होणार होतं आणि दक्षिणेकडे समुद्रात एक वादळ घोटाळत होतं.

"सोयाबीनच्या व्यापाऱ्याकडे जाऊन येते, उद्या रात्री परत येईन," असं तिने बापाला सांगितलं. कानेकिचीला फक्त बापापाशी बसायला सांगितलं, कुठे जाते ते सांगितलं नाही.

आता पाचव्या टप्प्यापर्यंत बस जाते. तिथे उतरल्यावर मी हादरलेच. सगळ्यांच्या हातात अॅल्युमिनियमच्या काठ्या, टचकन दाबलं की आत जाणाऱ्या. एकीने माझ्याकडे बघून मैत्रिणीला हळूच म्हटलं, "ही देव्हाऱ्यातून उचलून आणलीय वाटतं." तेही खोटं नव्हतं. चिझुरुने कुठेच शिक्का घेतला नाही. पाचव्याचा होता, सहाव्याचा होता, सातव्याचा होता. तिला एकच हवा होता. आणि खरं सांगू? मलाही तोच हवा होता. सेहेचाळीस वर्षांनी माझं टोक पुन्हा त्या काळ्या खडीत रुतत होतं आणि घुंगरू वाजत होतं. वारा वाढतोय हे मला कळत होतं, तरी मी मनात म्हणत होते, चल, चल.

आठव्या टप्प्यावर पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. झोपडीत मोजून पाच पाहुणे होते, सगळे सकाळी उजाडताच खाली उतरायच्या बेतात. चुलीशी एक म्हातारा बसला होता. त्याने मला हातात घेतलं, दिव्याकडे धरलं आणि त्याचा अंगठा तिरक्या शिक्क्यावर थांबला.

"हा माझ्या हातचा," तो म्हणाला. मी ओळखलं. गेन्झो! "नवा होतो तेव्हा मी. कुणाची काठी?"

"वडिलांची."

"म्हणजे वर गेले नव्हते."

"नाही. म्हणून मी जाणार आहे. आज रात्री."

"आज मुंगीसुद्धा वर जाणार नाही. वादळ वळलंय, रेडिओवर सांगितलं. परवा बघू."

"माझ्याकडे परवा नाहीय, आजोबा."

गेन्झोने तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिच्यासमोर सूपची वाटी ठेवली. "वाईट वाटतंय मला," तो म्हणाला. "पण दार मी उघडणार नाही. हे सूप पी आणि झोप."

तिने सूप प्यायलं, पण झोपली नाही. सगळे घोरायला लागले तशी ती उठली, कपाळाला दिवा बांधला, मला उचललं, घुंगरू मुठीत दाबून धरलं आणि मोरीच्या बाजूच्या दाराने बाहेर पडली.

तो वारा कसा होता ते मला सांगता येत नाही. पावसाचे थेंब खडीसारखे लागत होते. कपाळावरच्या दिव्यात दोन हातांपलीकडे काही दिसत नव्हतं. वाटेला लावलेली साखळी एका हातात आणि मी दुसऱ्या हातात, अशी ती एकेक पाऊल मोजत चढत होती. ती तांबड्या दगडाशी आली आणि पुढे गेली. मित्रांनो, त्या दगडाच्या पुढे मी जन्मात पहिल्यांदा जात होते. मला भीती वाटायला हवी होती. पण मला आनंद झाला होता, हे कबूल करते, आणि त्याची आज लाज वाटते.

दगडापासून वीसेक पावलांवर वाऱ्याने तिला उचलून आपटलं. साखळी सुटली. ती घसरायला लागली, खाली काय आहे ते दिसतही नव्हतं. मी दोन दगडांच्या फटीत अडकले आणि तिचे दोन्ही हात माझ्याभोवती घट्ट राहिले. माझ्या जुन्या बाकात कट्कन आवाज आला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की शिक्का गेला खड्ड्यात, फक्त मोडायला नको.

मी मोडले नाही. ती रांगत एका खडकाच्या आडोशाला गेली आणि मला छातीशी धरून बसली. तिचे दात वाजत होते, गुडघ्यातून रक्त येत होतं. "बाबा, आता थोडंच राहिलंय हो," ती मोठ्याने म्हणाली. मग रडायला लागली. रडता रडता केव्हातरी ती गप्प झाली आणि खूप वेळाने, अगदी बापाच्या आवाजात, स्वतःलाच म्हणाली, "आज नाही जमत. ओतून दे."

ती उठली आणि खाली वळली.

खाली येणं वर जाण्यापेक्षा कठीण होतं. वाट कुठे, कडा कुठे, काही कळत नव्हतं. आणि मग आवाज आला. ठण, ठण, ठण. तोच. तिला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, पण माणसाचा हात आहे एवढं कळलं. ती आवाजाच्या मागे मागे आली, तर झोपडीच्या दारात शहात्तर वर्षांचा गेन्झो कमरेला दोर बांधून उभा राहून पत्र्याचा डबा बडवत होता.

"अक्कल आहे का?" तो ओरडला. "माझ्या झोपडीतून गेलीस ती काय मोरीच्या दाराने? चोरासारखी?"

"चुकलं, आजोबा."

"चुकलं म्हणे! सेहेचाळीस वर्षांत किती जण असे चुकले आणि त्यातले किती परत आले, सांगू?" तो बोलत होता आणि तिच्या अंगावर घोंगड्या टाकत होता. "आत ये. आधी पाय चुलीकडे कर."

"मी बाहेर आहे हे कसं कळलं तुम्हाला?"

"कुठं कळलं? मी दर वादळात बडवतो. कुणी ना कुणी असतंच."

उजाडलं तेव्हा वारा बराच पडला होता, पण शिखर ढगात होतं आणि पाऊस चालूच होता. चिझुरुने निघताना मला गेन्झोपुढे धरलं.

"आजोबा, आठव्याचा मारा."

"आठव्याचा आहे की."

"तो बाबांचा. हा माझा."

गेन्झोने निखाऱ्यातून शिक्का उचलला, दोन्ही हातांनी धरला आणि जुन्या तिरक्या शिक्क्याच्या शेजारी अगदी सरळ ठेवला. चर्रकन आवाज झाला. माझा पाचवा डाग.

ती घरी पोहोचली तेव्हा कानेकिची पेज भरवत होता. तिचा फाटलेला गुडघा आणि हातातली काठी बघून त्याने चमचा खाली ठेवला. चिझुरु बापाच्या उशाशी बसली आणि मला त्याच्या हातात दिलं. त्याला दिसत नव्हतं. त्याचा अंगठा माझ्या अंगावरून हळूहळू वर सरकू लागला.

"पाच," तो म्हणाला. "सहा. सात. आठ." मग थांबला. "हा कुठला?"

"आठ."

"आठ झाला की."

"तो तुमचा, बाबा. हा माझा. मला वर जाता आलं नाही. मी प्रयत्न केला, पण नाही जमलं. मागे फिरले."

अंगठा कोऱ्या जागेपर्यंत जाऊन परत आला. दोन शिक्क्यांवरून तो पुन्हा पुन्हा फिरत राहिला.

"तांबडा दगड लागला का?"

"लागला. त्याच्या पुढे वीसेक पावलं गेले."

"मग माझ्यापेक्षा वीस पावलं पुढे गेलीस," तामोत्सु म्हणाला आणि हसायला लागला. हसता हसता खोकला. पाणी प्यायल्यावर त्याचा अंगठा खाली उतरला, माझ्या कमरेपाशी. "हा बाक कसला आहे, माहीत आहे?"

"भिंतीला टेकून टेकून आला असेल."

"तुझ्या आईने शपथ घातली होती. पण आता तूही तिथूनच फिरलीस, तर तुला सांगायला ती ना म्हणणार नाही." तो दम घेत, थांबत थांबत बोलला. "त्या दगडाशी तिला उभं राहवेना. मी ही काठी पाठीमागे आडवी धरली, तिला वर बसवली आणि खाली आणली. म्हणाली, माझ्यामुळे डोंगराने तोंड फिरवलं असं गाव बोलेल, कुणाला सांगू नका. मला खोटं बोलता येत नाही. म्हणून मग काठीच फिरवून ठेवली."

"म्हणजे तुम्हाला लाज..."

"लाज कसली? आम्हाला वाटलं, तिला डोंगर बाधला. खाली आल्यावर पंधरा दिवसांनी सुईण घरी आली, तेव्हा कळलं की डोंगर बिचारा उगाच बदनाम झाला." त्याने मला तिच्या मांडीवर ठेवलं. "ह्या काठीवर तुझी आई एकटी नव्हती बसली, पोरी. तू होतीस."

मित्रांनो, आम्हा लाकडांना वर्षं मोजता येतात, महिने मोजता येत नाहीत. ऑगस्टची ती रात्र आणि एप्रिलमधला तो पाळणा, ह्यांची सांगड मी कधी घातलीच नव्हती. एवढी वर्षं मी एका लाल ठिपक्यासाठी झुरत होते. माझ्या अंगावरची सगळ्यात मोलाची खूण कमरेत होती आणि तिला मी खोट समजत होते. चिझुरु माझ्या बाकावर कपाळ टेकवून रडली. कानेकिची उठून खिडकीशी गेला आणि पाऊस थांबला का ते फार वेळ बघत राहिला.

नवा तांदूळ बाजारात आला आणि चार दिवसांनी तामोत्सु गेला. नव्या भाताचा एक घास त्याने खाल्ला होता. मंडळाचे सहाही म्हातारे पांढरे कपडे घालून आले. चिझुरु मला घेऊन शवपेटीपाशी आली, तेव्हा कानेकिचीने तिचा हात धरला.

"ती नको. ती घरात राहू दे," तो म्हणाला आणि स्वतःची काठी, वर्षानुवर्षं शिखरावर जाऊन लाल झालेली, तामोत्सुच्या उजव्या हाताशी ठेवली.

"काका, मग तुमच्या वेळी?"

"माझ्या वेळी हा येईल की खाली, मला न्यायला. माणसाला पाठीवर घ्यायची सवय आहे त्याला." मग तो शवपेटीवर वाकून हळूच म्हणाला, "तामो, दारावरून ठकठक केल्याबद्दल राग ठेवू नकोस."

आता मी दुकानात दर्शनी भागात उभी आहे. चिझुरुने मला फिरवून ठेवलंय. कोरी बाजू गिऱ्हाइकांकडे आहे. रोज सकाळी ती मला पुसते आणि तिचं फडकंही बाकावर जरा जास्त वेळ थांबतं. तोफू घ्यायला आलेली शाळेतली पोरं विचारतात, "मावशी, आठव्याचे दोन आणि वरचा एकही नाही, असं कसं?" ती तोफू कापता कापता त्यांना सगळं सांगते. कीनुएचं नावही घेते, मोठ्याने, गल्लीत ऐकू जाईल असं.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोपऱ्यात एखादी जुनी काठी, छत्री नाहीतर कंदील असेल. त्याच्यावरची धूळ पुसा. बाक आला असेल, पोचा पडला असेल, तर फेकून देण्याआधी तो कसा आला ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. ती असेपर्यंतच विचारा. आणि डोंगर जरूर चढा, पाऊस असला तरी थोडा चढा. पण खालून कुणी डबा बडवत असेल तर ऐका. माझ्या घुंगराच्या वरची जागा मी आता कोरीच ठेवणार आहे. ती कोरी राहिली, म्हणून मला पुसायला कुणीतरी आहे.